वाय फेज कुठे गेला? (स्लाइडमधले रंग आणि आपली फजिती)

गंगापूररोडकर_मीनल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

धागा कामाचा आहे, पण सुरुवात फजितीपासून करते.

नाशकात अंबडला विजेचे पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. गेल्या गुरुवारी ग्राहकाकडची चार माणसं आली होती, त्यांच्यापुढे तापमानवाढ चाचणीचे निकाल मांडायचे होते. आर, वाय, बी (रेड, यलो, ब्लू) या विजेच्या तिन्ही फेजच्या बसबारचं, म्हणजे वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्टीचं तापमान, दर अर्ध्या तासाने, सहा तास. आदल्या रात्री दीडपर्यंत बसून स्लाइड सजवल्या. फेजचे रंग ठरलेलेच, म्हणून ग्राफात एक लाल, एक पिवळी, एक निळी रेघ. वर हिरवी पट्टी, खाली केशरी. तक्त्यात पास ते हिरवं, नापास ते लाल, आणि महत्त्वाची वाक्यं जांभळी. लॅपटॉपवर काय देखणं दिसत होतं!

दुसऱ्या दिवशी भिंतीवर दोनच रेघा. खिडकीतून अकराचं ऊन, प्रोजेक्टर जुना, पिवळी रेघ पांढऱ्यात पार विरघळलेली. पाहुण्यांतले एक वयस्क इंजिनिअर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मॅडम, वाय फेज कुठे गेला? ट्रिप झाला का?" सगळे हसले. पुढच्या स्लाइडला आमचे साहेब हळूच म्हणाले, "ही स्लाइड आहे की रंगपंचमी?" मग मीही हसले. दुसरं काय करणार.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच लोक आणि तीच खोली. पार्श्वभूमी पांढरी ठेवू की गडद? एका स्लाइडवर किती रंग चालतात? आणि वाय फेज पिवळा नाही दाखवायचा तर कसा दाखवायचा? त्याचा रंग बदलला तर आमच्या धंद्यात कोणी ओळखणार नाही.

तात्या_पंचवटी

साहेबांना सांगा, रंगपंचमीला नावं ठेवू नका. ते बाहेरचे आहेत वाटतं. आपल्याकडे रंगपंचमीला रहाडी उघडतात. पेशवाईपासूनचे जमिनीतले हौद, वर्षभर झाकलेले, त्या दिवशी उघडायचे आणि धप्पा मारायचा. पण प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तिवंध्याला पिवळा, शनि चौकात गुलाबी. एका रहाडीत दोन रंग कालवलेले कोणी पाहिलेत का?

तुमची स्लाइड रंगपंचमी नव्हती मीनलताई. ती रंगपंचमीच्या संध्याकाळची मोरी होती. हलकेच घ्या.

गंगापूररोडकर_मीनल

तात्या, मोरी लागली. पण बरोबर आहे.

सिडकोचा_अमोल

मला हे रंगाचं कौतुकच कळत नाही. पांढऱ्यावर काळं लिहा, विषय संपला. मजकुरात दम असेल तर लोक ऐकतात. दम नसला की मग पट्ट्या, सावल्या, गोल कोपरे सुरू होतात.

हॉलवाला

अमोलभाऊ, पांढऱ्यावर काळंसुद्धा वाटतं तेवढं काळं नसतं. प्रोजेक्टर भाड्याने द्यायचा माझा धंदा आहे, तेव्हा हिशोबच मांडतो.

भिंतीवरचं चित्र २ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच धरा, म्हणजे ३ चौरस मीटर. प्रोजेक्टर ३००० लुमेनचा. म्हणजे भिंतीवर साधारण १००० लक्स उजेड पडला (लक्स म्हणजे दर चौरस मीटरला पडणारे लुमेन). आता पडदा न ओढलेली खिडकी आणि दोन ट्यूबलाइट मिळून त्याच भिंतीवर ३०० लक्स टाकतायत असं समजा. जिथे स्लाइड पांढरी आहे तिथे झाले १३००. जिथे काळी आहे तिथे? काळा प्रकाश म्हणून काही नसतो. प्रोजेक्टर तिथे काहीच टाकत नाही, उरतात खोलीचे ३००. फरक किती पट? ४.३. लॅपटॉपच्या हिशोबात काळ्या-पांढऱ्याचा फरक २१ पट धरतात. दिवा म्हातारा होऊन निम्म्यावर आला असेल तर ८०० ला ३००, म्हणजे पावणेतीन पटसुद्धा नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर खोलीला विचारा. उजेडाची खोली असेल तर पांढरी किंवा अगदी फिकट पार्श्वभूमी आणि गडद अक्षरं. तिथे गडद निळी पार्श्वभूमी टाकलीत तर ती निळी राहत नाही, राखाडी भिंत दिसते. लग्नाच्या हॉलसारखा पूर्ण अंधार करता येत असेल तर गडदावर फिकट अक्षरं छान दिसतात, डोळे दिपत नाहीत.

आणि एक. स्वस्तातल्या बऱ्याच डीएलपी प्रोजेक्टरांत रंगाची जी चकती फिरते तिच्यात लाल, हिरव्या, निळ्याबरोबर एक पांढरी फोडही असते. त्याने पांढरं झगझगीत होतं, पण रंग मागे पडतात. लाल विटकरी दिसतो, पिवळा मोहरीच्या फेसासारखा. गिऱ्हाईक मला फोन करून ओरडतं, "तुमच्या मशीनने आमच्या लोगोचा रंग बिघडवला." मशीन बिघडलेलं नसतं हो, ते तसंच असतं.

पाथर्डीफाटा_कोडर

हॉलवाले, सुंदर. आकड्यांत माझी थोडी भर. वेबसाइट सगळ्यांना वाचता यावी म्हणून जे निकष आहेत त्यांत साध्या अक्षराला पार्श्वभूमीशी ४.५ पट फरक लागतो, मोठ्या ठळक अक्षराला ३ पट. शुद्ध रंग पांढऱ्यावर टाकले तर: पिवळा १.०७, हिरवा १.३७, लाल ४, निळा ८.६.

पिवळ्याचा आकडा परत वाचा. मीनलताईंची रेघ प्रोजेक्टरने खाल्ली नाही, ती लॅपटॉपवरही जवळपास नव्हतीच. फूटभर अंतरावरून बघत होत्या म्हणून दिसली.

कारण असं की डोळ्याला सगळ्या रंगांचा उजेड सारखा वाटत नाही. पांढऱ्याच्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७१ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, म्हणजे जवळजवळ पांढराच.

सिडकोचा_अमोल

म्हणजे काळं-पांढरं हेच शहाणपणाचं. मी जिंकलो.

निवृत्त_मास्तर

इतक्यात जिंकू नका. चौतीस वर्षं फळ्यासमोर काढली. नव्या मास्तरला पहिला धडा हा असायचा की लाल खडू काळ्या फळ्यावर शेवटच्या बाकाला दिसत नाही. पिवळा मात्र ठसठशीत दिसतो. तोच पिवळा, जो ताईंच्या पांढऱ्या भिंतीवर मेला. रंग वाईट नसतो, कशावर टाकला ते बघायचं.

ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या काळात आम्ही पारदर्शक फिल्मवर पेनाने लिहायचो. काळा, निळा, लाल, हिरवा, बस. पेटीत पिवळा पेन असायचा खरा, पण त्याने कोणी अक्षर लिहीत नसे, काळ्या चौकटीत भरायला वापरायचे. आकृतीत पिवळं भरलं आणि कडेला काळी रेघ मारली की पिवळाही दिसतो आणि आकृतीही. ताई, वाय फेजला हे जमेल का बघा. जाड पिवळी रेघ, दोन्ही बाजूंनी बारीक काळी किनार.

आणि ते निळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांचं वेड कुठून आलं, हे तरुणांना माहीत नसेल. जुन्या परिषदांत ३५ मिलिमीटरच्या निळ्या स्लाइड असत, हॉल पूर्ण अंधारा करत. अंधार गेला, निळं मागे राहिलं.

फ्लेक्सवाला_शालिमार

मास्तरांचा किनारीचा सल्ला शंभर टक्के. फ्लेक्सवर आम्ही रोज तेच करतो. वाढदिवसाचा बॅनर, मागे फटाके, आतषबाजी, पुढाऱ्याचे पंधरा फोटो, आणि त्यावर नाव पिवळ्यात. नाव कशाने वाचता येतं? लाल किनार, तिच्याबाहेर पांढरी किनार. भडक म्हणा, पण चालत्या मोटारसायकलवरून वाचता येतं.

तुम्ही हँडआउट छापणार असाल तर एक सांगून ठेवतो. स्क्रीन तीन रंगांच्या उजेडाने चालते, छपाई चार रंगांच्या शाईने. स्क्रीनवरचा तो विजेसारखा निळा शाईत येतच नाही, जांभळट किंवा मळका येतो. लोक पॉवरपॉइंटमधून चित्र उचलून आणतात आणि काउंटरवर भांडतात. आम्ही म्हणतो, कोरलला (आमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरला) घेऊन नमुना काढून देतो, उन्हात नेऊन बघा, मग बोला.

तात्या_पंचवटी

पंधरा फोटोंतला सोळावा माणूस नाराज होतो, त्याला कोणती किनार?

फ्लेक्सवाला_शालिमार

त्याला वेगळा बॅनर. धंदा असाच चालतो तात्या.

खाकी_जग

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितो.

मला लाल-हिरवा नीट ओळखता येत नाही. कळलं ते विसाव्या वर्षी, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत. ठिपक्याठिपक्यांची चकती, माझ्या आधीचा मुलगा फटकन् "चौऱ्याहत्तर" म्हणाला. मी म्हणालो, "एकवीस." डॉक्टरांनी पान उलटलं, पुन्हा विचारलं, मग माझ्याकडे बघितलं. ती नोकरी गेली. त्या चकत्या इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली काढल्या, हे नंतर वाचलं. राग गेला नाही, पण ओळख झाली.

ही गोष्ट दुर्मीळ नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना असते, बायकांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास, कारण तो जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि पुरुषाकडे तो एकच. आपल्याकडचं प्रमाण काहीही धरा, तीस-चाळीस पुरुष बसलेल्या मीटिंगमध्ये माझ्यासारखा एखादा निघायचाच. तो हात वर करून सांगणार नाही. मीही कधी सांगितलेलं नाही.

मीनलताईंच्या तक्त्यातलं पासचं हिरवं आणि नापासचं लाल मला दोन्ही खाकी दिसले असते. आमच्या ऑफिसात दर सोमवारी असाच तक्ता लागतो, लाल-पिवळ्या-हिरव्या गोळ्यांचा. बाकीचे म्हणतात "अरे बापरे, तीन लाल!" मीही म्हणतो अरे बापरे. नंतर शेजारच्याला चहाच्या वेळी विचारतो, कोणते तीन.

उपाय फार सोपा आहे, म्हणून जास्त चिडतो. गोळ्यांऐवजी पासला बरोबरची खूण आणि नापासला फुली ठेवा. रंग हवाच असेल तर निळा आणि केशरी घ्या, ते मला छान वेगळे दिसतात. आणि ग्राफच्या कोपऱ्यात जी रंगांची यादी देता ती काढून प्रत्येक रेघेच्या टोकाशी तिचं नाव लिहा. ती यादी म्हणजे माझ्यासाठी रंग जुळवा स्पर्धा.

गंगापूररोडकर_मीनल

खाकी_जग, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आमच्या शॉपमध्येही असाच तक्ता आहे, मीच बनवते. आज संध्याकाळी खुणा टाकते.

वॉर्ड_सिस्टर

माझं क्षेत्र वेगळं आहे तरी सांगते. नवीन आलेल्या मुलींना मी दवाखान्यातल्या कचऱ्याचं प्रशिक्षण देते. तिथे रंग म्हणजे कायदा. २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्ताने माखलेला बोळा पिवळ्या पिशवीत, सलाइनची नळी लालमध्ये, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काच निळ्यात.

एकदा बाहेरून एक पाहुणे आले होते शिकवायला. त्यांच्या स्लाइड अतिशय सुरेख. लालची माहिती निळ्या चौकटीत, पिवळ्याची हिरव्या चौकटीत, का तर त्यांच्या डिझाइनला ते शोभत होतं. तास संपल्यावर मी मुलींना विचारलं, सलाइनची नळी कुठे? निम्म्या म्हणाल्या निळ्यात. त्यांनी चौकटच लक्षात ठेवली होती, मजकूर नाही.

द्राक्षबाग_दिंडोरी

सिस्टर, अगदी अस्संच आमच्याकडे झालंय.

छाटणीनंतर औषधांच्या मीटिंगा सुरू होतात. एक तरुण साहेब आले होते, डाऊनी आणि भुरी या द्राक्षावरच्या रोगांवर बोलायला. पोरगा हुशार, बोलणं गोड. तक्त्यात जी औषधं मारा म्हणत होता ती पिवळ्या रकान्यात, आणि जी शक्यतो टाळा म्हणत होता ती निळ्या रकान्यात. त्याच्या डोक्यात पिवळं म्हणजे वहीतलं हायलायटर. पण शेतकऱ्याच्या डोक्यात पिवळं काय? औषधाच्या डब्यावर जो त्रिकोण असतो त्यात लाल सगळ्यात जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. पुढच्या रांगेतले एक आजोबा उठले, म्हणाले, "साहेब, निळा सोडून पिवळा मारायला सांगताय, माल बाहेर पाठवायचाय का आम्हालाच पाठवायचंय?"

पोराला कळेचना लोक का हसतायत. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की समोरच्यांकडे रंगांचं एक शास्त्र आधीपासून आहे.

फोटोंचं तर विचारूच नका. भुरीचा पानावरचा पांढरट थर प्रोजेक्टरवर दिसतच नाही, सगळं पान फिकट होतं. शेवटी खिशातून खरं पान काढून फिरवलं त्याने. ते सगळ्यांत भारी झालं.

तात्या_पंचवटी

"आम्हालाच पाठवायचंय" हे वाक्य चहाच्या कपासकट सांडलं माझ्या अंगावर.

येवलेकर

उशिरा आलो, पण रंगाचा धागा आणि येवल्याचा माणूस नाही हे बरं दिसत नाही.

घरात माग आहे. आमच्याकडे रंग किती लावायचे हा प्रश्नच पडत नाही, साडीची रचनाच सांगते. अंगाचा एक रंग, तो सगळ्यात जास्त. काठाचा दुसरा, त्याला उठाव देणारा. आणि पदर, जिथे जर आणि सगळी कलाकुसर, कारण बघणाऱ्याची नजर तिथे थांबावी असं वाटतं. पैठणीत अंगभर जर भरली तर पदराकडे कोण बघणार?

स्लाइडचंही तसंच करावं. पार्श्वभूमी आणि मजकूर हे अंग, ते शांत ठेवा. शीर्षक, रेघा, चौकटी हे काठ. आणि जे बघायला लोकांना बोलावलंय ते पदरावर, एका रंगात.

सिडकोचा_अमोल

पैठणीवर मोर-पोपट पण असतात. ते क्लिपार्ट समजायचे का?

येवलेकर

ते विणायला महिने लागतात. तुम्ही क्लिपार्टला महिने लावा, मग आपण बोलू.

चिंतामणी_रंग

पैठणीचा विषय निघाला म्हणून विचारते. ऑफिसच्या स्लाइडला नेहमी तोच निळा का? डाळिंबी, मोरपंखी, आमसुली, श्रीखंडी असले आपले रंग कोणी वापरत का नाही? मी एकदा आमसुली शीर्षक ठेवलं तर सर म्हणाले, हा कुठला ब्राऊन.

पाथर्डीफाटा_कोडर

अवांतर: चिंतामणी हा रंग आहे? मला वाटलं गणपती.

चिंतामणी_रंग

आईला विचारा. आणि तिच्याबरोबर साडी घ्यायला जा एकदा, उपयोग होईल. (निळ्याची एक छटा आहे ती.)

आमसुली पांढऱ्यावर चांगला दिसतो बरं का, गडद आहे. श्रीखंडी पार्श्वभूमीला ठेवायचा, अक्षराला नाही.

निवृत्त_मास्तर

देवनागरीचं एक कोणी बोललं नाही. इंग्रजी अक्षर ठोकळा असतं, आपल्या अक्षरावर काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार असा संसार असतो. फिकट रंगात बारीक अक्षर ठेवलं की आधी अनुस्वार जातो. आमच्या शाळेत सुरक्षेवर एक कार्यक्रम झाला होता. शेवटची स्लाइड फिकट केशरीत: "चिंता करू नका." मागच्या बाकांवरून पोरांनी एका सुरात वाचलं, "चिता करू नका."

रंगीत अक्षर ठेवायचंच असेल तर जाड आणि मोठं ठेवा. बारीक मजकूर काळाच बरा. एवढ्यापुरतं अमोल जिंकले.

सिडकोचा_अमोल

धन्यवाद मास्तर. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

प्रश्नचिन्ह

सगळं वाचलं. एक साधा प्रश्न: मीनल, त्या ग्राफमधून तुला दाखवायचं काय होतं?

थर्मल_सिन्नर

रंग आणि तापमान म्हटलं की हात शिवशिवतात. मी थर्मल कॅमेऱ्याने पॅनेल तपासतो. कॅमेऱ्यात इंद्रधनुष्याची रंगपट्टी असते, निळा थंड, मग हिरवा, पिवळा, लाल. गिऱ्हाइकाला फार आवडते. पण तिच्यात पिवळा मधेच उजळतो, त्यामुळे जिथे तापमान हळूहळू चढतं तिथेही डोळ्याला एकदम सीमारेषा भासते. लोक विचारतात, इथे काय तुटलंय? काही तुटलेलं नसतं.

म्हणून मी काळ्यापासून पांढऱ्याकडे क्रमाने उजळत जाणारी पट्टी लावतो. पायथनमध्ये ग्राफ काढणाऱ्यांना माहीत असेल, मॅटप्लॉटलिब या ग्राफ काढायच्या सॉफ्टवेअरने २०१७ साली २.० आवृत्तीत हीच अडचण म्हणून इंद्रधनुष्यी पट्टी मूळ निवडीतून काढली आणि जांभळ्यापासून पिवळ्याकडे जाणारी विरिडिस घातली. ती खाकी_जग यांनाही वाचता येईल. नकाशांसाठी असेच पारखलेले रंगसंच सिंथिया ब्रूअर या अमेरिकन भूगोलतज्ज्ञ बाईंनी करून ठेवलेत, कलरब्रूअर नावाने, फुकट मिळतात.

वाय फेजबद्दल: आपल्याकडे लाल-पिवळा-निळा. युरोपात तपकिरी, काळा आणि राखाडी. तिथे असतात तर ताईंची एकही रेघ हरवली नसती. फक्त बघणाऱ्याला झोप आली असती.

केबल_दुरुस्ती_मेनरोड

प्रोजेक्टरचा रंग बिघडला म्हणून माझ्याकडे जे येतात त्यांतल्या बऱ्याच जणांचा प्रोजेक्टर ठणठणीत असतो. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर जोडणारी व्हीजीएची वायर बघा आधी. पहिली पिन लाल, दुसरी हिरवी, तिसरी निळी. एक पिन वाकली की तो रंग गेला. लाल गेला तर सगळं हिरवट-निळं, निळा गेला तर पांढरी स्लाइड पिवळीधमक. लोक सेटिंगमध्ये जाऊन तासभर रंग फिरवत बसतात. वायर काढा, टोक डोळ्यासमोर धरा, वाकडी पिन पेन्सिलच्या टोकाने हलकेच सरळ करा. जोर लावाल तर तुटेल.

तात्या_पंचवटी

आमच्या पतसंस्थेच्या सभेत निळा गेला होता. अहवाल पिवळा, अध्यक्ष पिवळे, नफा पिवळा. सभासद म्हणाले कावीळ झाली संस्थेला.

गंगापूररोडकर_मीनल

प्रश्नचिन्ह, तुमच्या प्रश्नाने दोन दिवस खाल्ले. उत्तर लिहायला घेतलं आणि लिहिताना लक्षात आलं.

मला आर आणि वायबद्दल काहीच सांगायचं नव्हतं. ते दोन्ही मर्यादेच्या आत, अगदी शहाण्या पोरांसारखे. बी फेजचा एक जॉइंट बाकीच्यांपेक्षा १२ अंशांनी जास्त तापत होता, कारण बोल्ट आवळताना टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, कमी पडला होता. आम्ही तो दुरुस्त केला, पुन्हा चाचणी घेतली, फरक गेला. सांगायचं एवढंच होतं. आणि मी तिन्ही रेघा सारख्याच जाड, सारख्याच भडक काढून वर सात रंगांच्या पट्ट्या चढवल्या. त्या दिवशी हरवलेला वाय सगळ्यांना दिसला, तापलेला बी कोणालाच दिसला नाही.

प्रश्नचिन्ह

मग आर आणि वाय राखाडी कर. टोकाशी नाव लिही. बी एकटा निळा.

थर्मल_सिन्नर

निळा तापलेला? लोकांना निळा म्हणजे थंड वाटतं. लाल करा ना.

गंगापूररोडकर_मीनल

लाल केला तर आमचे लोक त्याला आर समजतील! दिंडोरीच्या आजोबांचा धडा आहे ना. बी निळाच राहणार. गडद निळा, जाड, आणि १२ अंशांच्या जागी बाण.

हॉलवाला

करताय तर एक करा. आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच वेळेला, म्हणजे अकराला, स्लाइड लावून शेवटच्या खुर्चीत जाऊन बसा. आणि पॉवरपॉइंटमध्ये ग्रेस्केल दिसतं ते एकदा लावून बघा. रंग काढल्यावरही कळत असेल तर निर्धास्त जा.

सिडकोचा_अमोल

रंग काढल्यावरही कळलं पाहिजे. मी पहिल्याच दिवशी काय म्हणालो होतो?

गंगापूररोडकर_मीनल

मंडळी, धागा वर काढते. आज झालं प्रेझेंटेशन.

काल अकराला जाऊन तालीम केली होती. पडदे ओढून घेतले, शेवटच्या खुर्चीतून सगळं दिसलं. हिरवी-केशरी पट्टी काढली, तक्त्यात खुणा टाकल्या, ग्राफ पांढऱ्यावर, दोन राखाडी रेघा आणि एक निळी.

आज सुरू केलं आणि भिंत पिवळीधमक. हळदीच्या कार्यक्रमासारखी. काल ते आज यांच्यामध्ये कोणीतरी वायर ओढली असावी. मला लगेच केबल_दुरुस्ती आठवले. निळा गेलाय. आणि माझी एकमेव महत्त्वाची रेघ निळी! पोटात गोळाच आला.

पण ग्राफाची स्लाइड आली आणि बघते तर निळी रेघ काळीकुट्ट दिसतेय. निळा प्रकाश येतच नसेल तर निळ्या जागी उरणार काय, काळोखच. पिवळ्या भिंतीवर काळी जाड रेघ, बाजूला दोन शेवाळी, टोकाशी आर, वाय, बी लिहिलेलं. फळ्यावरच्या पिवळ्या खडूसारखं, फक्त उलट. मास्तर, तुमची आठवण आली.

मी वायरीला हात न लावता पुढे बोलत राहिले. चष्मा कपाळावरवाले काका पुढे वाकून थेट १२ अंशांच्या बाणावर बोट ठेवून म्हणाले, "हा टॉर्क कोणी तपासला?" वीस मिनिटं त्याच्यावरच चर्चा. मला हवी होती तीच.

उठताना म्हणाले, "मॅडम, मागच्या वेळी वाय हरवला होता. आज सगळी भिंतच वाय केलीत."

तात्या_पंचवटी

तिवंध्याची रहाड! पार्टी कधी? मिसळ चालेल. रस्सा काळा का लाल यावर वेगळा धागा काढू.

केबल_दुरुस्ती_मेनरोड

ताई, वायर पाठवून द्या. तिसरी पिन असेल.